हे आमच्याकडं येत नाही

मराठी माणसाला सरकारी कार्यालयात जी वाक्यं सगळ्यांत जास्त ऐकावी लागतात, त्यात ‘साहेब जेवायला गेलेत’च्या खालोखाल नंबर लागतो तो ‘हे आमच्याकडं येत नाही’ याचा. तलाठी म्हणतो भूमी अभिलेखला जा, भूमी अभिलेखवाले म्हणतात तहसीलला जा. आपल्या आईवडलांनी असे खेटे घालून चपला झिजवल्या. आपण सगळं मोबाइलवर करतो, त्यामुळं आपली यातून सुटका झाली असं वाटत होतं. झाली नाही. खेटे तेच आहेत, फक्त खिडकीमागचा माणूस गेलाय. त्याच्याशी निदान भांडता तरी यायचं.

जुन्नर तालुक्यातलं मढ घ्या. कल्याण-अहिल्यानगर महामार्गावरचं, माळशेज घाटाच्या अलीकडचं गाव, जवळच पिंपळगाव जोग्याचं धरण. समजा, इथल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या खात्यातून परस्पर पैसे गेले, किंवा तिनं ऑनलाइन मागवलेल्या मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी निघाली, किंवा कर्जाच्या अ‍ॅपवाल्यानं तिच्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना मेसेज धाडले. तिनं जायचं कुठं? पोलीस ठाणं ओतूरला. तालुका जुन्नरला. ग्रामीण पोलिसांचं सायबर ठाणं पुण्यात, जिल्हा ग्राहक आयोगही पुण्यात. बँकांविरुद्धच्या तक्रारी गोळा करणारं रिझर्व्ह बँकेचं केंद्र चंडीगडला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली भरपाई देववू शकणारा अधिकारी घाट उतरून मुंबईला, थेट मंत्रालयात. आणि खासगी माहितीच्या रक्षणासाठी नव्यानं नेमलेलं मंडळ दिल्लीकडं.

अंतराचं दुःख आता तेवढं उरलेलं नाही, कारण यातली बहुतेक दारं ऑनलाइन उघडतात. दुःख आहे ते दार ओळखण्याचं. प्रत्येक दारावर पाटी वेगळी, मुदत वेगळी, अटी वेगळ्या. चुकीच्या दारावर महिना घालवला की बरोबर दाराची मुदत संपलेली असते.

आपल्याकडं फसवणूक झाली की सगळी चर्चा ‘कोणी फसवलं’ यावर होते. तो झारखंडचा होता की कंबोडियातला, बँकेतलं कोणी सामील होतं का, वगैरे. तक्रारीचं दार मात्र यावरून ठरत नाही. ते ठरतं ‘मला नेमकं काय हवंय’ यावरून. गेलेले पैसे वाटेत अडवायचेत, बँकेकडून वसूल करायचेत, वस्तूचे पैसे परत हवेत, फोटो काढून टाकायला हवाय, की कंपनीला दंड व्हायला हवाय? एकाच घटनेत यातल्या दोन-तीन गोष्टी हव्या असतील तर दारंही दोन-तीन. आणि ती कोणत्या क्रमानं ठोठावायची, यालाही महत्त्व आहे.

पैशांचं आधी बघू, कारण तिथं घड्याळ सगळ्यांत जोरात धावतं. खात्यातून पैसे गेले की पहिला फोन १९३० ला. हा आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा क्रमांक आहे. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँक सांगितली की पैसे ज्या ज्या खात्यांत पुढं सरकलेत तिथल्या बँकांना ते रोखायचा निरोप जातो. पैसे तीन-चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघायच्या आत हा निरोप पोहोचला तरच उपयोग. म्हणून ‘सकाळी बघू’ असं म्हणायचं नाही. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर रीतसर तक्रार. ही तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसतं. पोचपावतीचा क्रमांक आला म्हणजे गुन्हा दाखल झाला, अशा समजात लोक महिनोन्‌महिने बसून राहतात. एफआयआरसाठी पोलीस ठाण्यात जावं लागतं. आणि ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच.

दुसरा फोन बँकेला, आणि त्याच दिवशी. कारण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं एक परिपत्रक आहे. घराघरांत भिंतीला चिकटवून ठेवावं असं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणीतरी पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर तुमचा तोटा शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा फटका. त्यानंतर सगळं बँकेच्या धोरणावर. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवर आहे. काउंटरवर मात्र याच्या नेमकं उलटं ऐकू येतं: ‘तुम्हीच ओटीपी दिला असणार.’ दिला नसेल तर तसं लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितल्याला कागदावर किंमत नसते.

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १४४४८ वर माहिती मिळते, तक्रार ऑनलाइन होते, पैसा लागत नाही. इथं दोन खाचखळगे आहेत. वकिलामार्फत केलेली तक्रार लोकपाल घेत नाही, ती स्वतः करावी लागते. आणि तोच वाद आधी न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात नेला असेल तर लोकपालाचं दार बंद. म्हणजे आधी लोकपाल, मग आयोग. हा क्रम उलटा झाला की एक फुकटचा मार्ग हातचा जातो.

जुन्नर-आंबेगावकडं आणखी एक गुंता आहे. इथले पैसे नेहमी मोठ्या बँकेत असतातच असं नाही. जिल्हा बँक आहे, नागरी सहकारी बँका आहेत आणि गावागावांत पतसंस्था आहेत. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका लोकपालाच्या कक्षेत आल्या त्या नोव्हेंबर २०२५ पासून. त्याआधी शेतकऱ्याचं पीककर्जाचं खातं जिथं, तिथली तक्रार लोकपालाकडं जातच नव्हती. पतसंस्था तर आजही बाहेर आहेत. ती बँकच नव्हे. ती सहकार कायद्याखालची संस्था, म्हणून तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं. पाटीवर ‘मल्टिस्टेट’ असेल तर ती राज्याच्याही हातात नाही, केंद्रीय निबंधकाकडं. पासबुक सगळ्यांचं सारखंच दिसतं, त्यामुळं हा फरक पैसे अडकल्यावरच कळतो.

अंगठा लावून पैसे काढायची सोय तर वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांची मोठी आधार आहे, आणि तितकीच मोठी फट. आजीनं एकदाच अंगठा लावला आणि दोनदा पैसे गेले, असं झालं तर तक्रार मशीनवाल्याकडं नव्हे, आजीचं खातं जिथं आहे त्या बँकेत. आधारचे बोटांचे ठसे लॉक करून ठेवता येतात. त्याची माहिती १९४७ वर मिळते. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या नातवंडानं हे पाच मिनिटांचं काम या रविवारी करून टाकावं.

आता वस्तूचं. खोक्यात साबण निघाला तर बहुतेक जण दोन गोष्टी करतात: एक स्टार देतात आणि इन्स्टावर स्टोरी टाकतात. दोन्हींनी मन हलकं होतं, खिसा नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं प्रत्येक खरेदीच्या साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो. चॅटवरचा ‘आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व’ म्हणणारा बॉट म्हणजे तो अधिकारी नव्हे. अधिकाऱ्याचं नाव साइटच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरात असतं. शोधा, आणि ईमेलच करा, म्हणजे पुरावा राहतो.

मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. हिला आदेश द्यायचा अधिकार नाही, ती कंपनीला विचारते आणि समेट घडवते. तरी मोठ्या कंपन्या इथं बऱ्यापैकी ऐकतात, कारण हजार रुपयांसाठी आयोगात वकील उभा करणं त्यांनाही परवडत नाही. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. इथं २०१९ च्या कायद्यानं गावातल्या माणसावर खरोखर उपकार केलेत. आधी विक्रेता जिथं असेल किंवा व्यवहार जिथं झाला असेल तिथं दावा लावावा लागायचा. आता तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात. कंपनी बंगळुरूची असो नाहीतर गुडगावची, तिनं पुण्याला यायचं. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षं. निकालाला मात्र वेळ लागतो. कायद्यात तीन महिने लिहिलेत, पण त्या तीन महिन्यांवर भरवसा ठेवून कोणी दिवाळीची खरेदी ठरवू नये.

ग्राहक चळवळ पुण्याला नवी नाही, हे जाता जाता सांगायला हवं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली ती पुण्यातच, ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा यायच्या बारा वर्षं आधी.

याच पुण्यातलं एक प्रकरण आहे, ज्यानं एका अनोळखी दाराची ओळख करून दिली. पूना ऑटो अन्सिलरीज ही पुण्यातली कंपनी. तिच्या चालकांना बँकेच्या नावानं खोटा ईमेल आला, त्यांनी त्याला उत्तर दिलं आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रुपये गेले. आता सांगा, चूक कोणाची? ईमेलला उत्तर देणाऱ्याची, असं शंभरातले नव्व्याण्णव जण म्हणतील आणि विषय संपवतील. ही कंपनी मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खालच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडं गेली. असा अधिकारी प्रत्येक राज्यात असतो, राज्याचा आयटी सचिव हाच तो. त्याला पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांत भरपाईचा आदेश देता येतो. तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये निकाल दिला: ईमेलला उत्तर देणाऱ्यावरही काही जबाबदारी येतेच, पण पैसे ज्या खोट्या खात्यांत गेले ती उघडताना पुरेशी तपासणी झाली नाही, संशयास्पद व्यवहार रोखले गेले नाहीत, ही बँकेची हयगय. बँकेनं ४५ लाख रुपये द्यावेत.

म्हणजे तुमची थोडी चूक असली तरी दुसऱ्याची मोठी चूक माफ होत नाही. हे तत्त्व कोणत्याही फसवल्या गेलेल्या माणसाला कोणी सांगत नाही. तो बिचारा आधीच शरमेनं खाली मान घालून बसलेला असतो.

पण या दाराची पुढची कथा ऐका. या अधिकाऱ्याच्या निकालावर अपील ऐकायला दिल्लीत सायबर अपील न्यायाधिकरण होतं. त्याचे अध्यक्ष जून २०११ मध्ये निवृत्त झाले आणि खुर्ची रिकामी राहिली ती राहिलीच. शेवटी २०१७ मध्ये ते न्यायाधिकरण दूरसंचारवाल्या न्यायाधिकरणात विलीन केलं गेलं. सहा वर्षं देशभरातली सायबर अपिलं एका रिकाम्या खुर्चीसमोर पडून होती. योग्य दार सापडलं तरी आत कोणी बसलेलं असेलच, याची खात्री नसते ती अशी.

आणि खासगी माहितीच्या बाबतीत आज नेमकं हेच चाललंय. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. कायदा यायला सहा वर्षं लागली, तो आला ऑगस्ट २०२३ मध्ये. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यांच्यासोबत डेटा संरक्षण मंडळाची स्थापना झाली, पण कंपन्यांवरची खरी बंधनं लागू व्हायची आहेत अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. तोवर मंडळ आहे आणि मोडता येईल असा नियमच लागू नाही, अशी अवस्था. पुढची गंमत तर आणखी पुढं आहे. तुमची माहिती फुटू दिली तर कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड जाणार भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून दमडी नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३-अ, ज्याखाली निष्काळजी कंपनीकडून भरपाई मागता येत होती, ते त्याच दिवशी रद्द होणार. आणि खोटी किंवा उथळ तक्रार केली म्हणून तक्रारदाराला मात्र १०,००० रुपयांपर्यंत दंड! ज्याच्या भल्यासाठी कायदा केला त्यालाच दंडाची भीती घालणं आणि भरपाईचा हक्क काढून घेणं, हे आम्हाला मुळीच पटत नाही.

तोवर अगदीच हात बांधलेले नाहीत. कर्जाच्या अ‍ॅपला तुमच्या फोनमधले नंबर, कॉलची यादी आणि फोटो यांना हात लावायची परवानगी रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच नाकारली आहे. अ‍ॅपमागं नोंदणीकृत बँक किंवा वित्तसंस्था असेल तर तिच्याविरुद्ध लोकपाल, नसेल तर रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ पोर्टल, आणि धमक्या येत असतील तर सरळ पोलीस. समाजमाध्यमावरच्या मजकुरासाठी त्या त्या कंपनीचा तक्रार अधिकारी, आणि त्यानं हात वर केले तर तीस दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडं अपील. हे अपील ऑनलाइन आणि फुकट आहे, आणि जवळजवळ कोणाला माहीत नाही. खासगी फोटो पसरवायची धमकी असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सोय वापरता येते. फोटो कुठंही पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि सहभागी कंपन्या तो जुळणारा फोटो अडवतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी अशीच ‘टेक इट डाउन’. सायबर पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. गावात ‘लोक काय म्हणतील’ या भीतीनं गप्प बसलेल्या मुलीला हे एक वाक्य कोणीतरी वेळेवर सांगायला हवं.

दार शोधणाऱ्याला टपलेलेही असतात. ‘अमुक बँक कस्टमर केअर’ असं सर्च केलं की वरच येणारा दहा आकडी मोबाइल नंबर पुष्कळदा चोरांचाच असतो. एकदा फसलेला माणूस घाबरून मदत शोधतो आणि दुसऱ्यांदा फसतो. म्हणून वर दिलेले आकडे नीट बघा: १९३०, १९१५, १४४४८, १९४७. एकही दहा आकडी नाही. बँकेचा नंबर हवा असेल तर तो सर्चमध्ये नव्हे, कार्डाच्या मागं किंवा पासबुकावर बघा. पैसे परत मिळवून देतो म्हणून आधी फी मागणारा ‘सायबर वकील’ तर हमखास त्याच टोळीतला.

इतकं सगळं एका विशीतल्या माणसानं पाठ करावं, अशी अपेक्षा ठेवणं हाच मुळात अन्याय आहे. आणि यावरचा उपाय शोधायला परदेशात जायची गरज नाही. आपल्याच माहिती अधिकार कायद्यात तो २००५ पासून लिहिलेला आहे. कलम ६(३): अर्ज चुकीच्या कार्यालयात आला तर त्या कार्यालयानं तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडं वर्ग करायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. अर्जदारानं पत्ता शोधत फिरायचं नाही, अर्ज फिरेल. झिरो एफआयआरचंही तत्त्व तेच. मग ग्राहक हेल्पलाइन, लोकपाल, सायबर पोर्टल, अपील समिती आणि उद्याचं डेटा मंडळ यांना हाच नियम का नको? तक्रार पहिल्या दारावर पडली ती तारीख धरली जावी, मुदत त्या तारखेपासून मोजावी, आणि ‘कक्षेत येत नाही’ असं सांगून फाइल बंद करायचा अधिकार कोणालाच नसावा. मे २०२७ ला अजून वेळ आहे. डेटा मंडळाच्या कामकाजात ही एक ओळ घालायला संसदेत जावंच लागेल असंही नाही.

आपल्या पातळीवरही काही करता येईल. जुन्नरला तालुका विधी सेवा समिती आहे, १५१०० या क्रमांकावर फुकट कायदेशीर सल्ला मिळतो. गावोगावच्या आपले सरकार सेवा केंद्रांत सातबारा आणि उत्पन्नाच्या दाखल्याचे दर भिंतीवर लावलेले असतात. त्या दरपत्रकाशेजारी १९३०, १९१५ आणि १४४४८ हे तीन आकडे मोठ्या अक्षरांत लावायला ग्रामसभेचा एक ठराव पुरे. पुढची ग्रामसभा कधी आहे, ते ग्रामपंचायतीत विचारून घ्या आणि विषयपत्रिकेत हा विषय लेखी द्या. ‘हे आमच्याकडं येत नाही’ असं तिथं कोणी म्हणालं, तर मग कोणाकडं येतं, ते लेखी मागा.